फुलातला पहारा मुळाशी: कापसाच्या मर रोगावर डिफेन्सिन जनुकाचा एक प्रयोग

मर लागलेली पऱ्हाटी ओळखायची असेल तर पानांवर फार विसंबू नये. झाड उपटावे आणि जमिनीलगतचे खोड चाकूने उभे चिरून पाहावे. निरोगी झाडाचे लाकूड आतून पांढरट आणि ओलसर दिसते. फ्युजेरियम बुरशीने ग्रासलेल्या झाडात मात्र मुळाकडून वर चढत गेलेल्या तपकिरी रेषा दिसतात. जमिनीतले पाणी पानांपर्यंत नेणाऱ्या नलिकाच तिथे बुजलेल्या असतात. काही बुरशीच्या तंतूंनी बुजतात, तर काही झाडाने बुरशीला अडवण्यासाठी स्वतःच पाझरलेल्या डिंकासारख्या द्रव्यांनी. पायाखाली ओल असताना झाड तहानेने मरते ते यामुळे.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील डार्लिंग डाउन्स या कापूस पट्ट्यात ही खूण १९९३ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. त्याआधी त्या देशात कापसाच्या फ्युजेरियम मर रोगाची नोंद नव्हती. पुढच्या काही वर्षांत तो शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्येही पोहोचला. रोगाचे कारण असलेली बुरशी म्हणजे फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम, आणि त्यातही कापसावरच जगणारा तिचा ‘व्हॅसइन्फेक्टम’ हा प्रकार. ऑस्ट्रेलियात सापडलेले या बुरशीचे गट इतर देशांतल्या गटांपेक्षा जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले. त्यामुळे ते बाहेरून आलेले नसून तिथल्याच रानटी कापसाच्या मुळांभोवती वाढणाऱ्या फ्युजेरियमपासून उपजले असावेत, असा कयास अभ्यासकांनी मांडला.

या रोगाची खरी अडचण त्याच्या जागेत आहे. बुरशी जमिनीत राहते, मुळातून शिरते आणि नलिकांच्या आत वाढते. त्यामुळे पानावर फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि सबंध शेताची माती औषधाने भिजवणे परवडत नाही. पीक काढून टाकले तरी जाड भिंतीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली माती, पाटाचे वाहते पाणी आणि रोगट झाडांचे अवशेष यांबरोबर ते एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. म्हणूनच ऑस्ट्रेलियात यंत्रे आणि गाड्या धुऊनच शेतात आणण्या-नेण्याचा आग्रह धरला गेला आणि रोग सहन करणारे वाण निवडण्यावर भर दिला गेला. त्याच मुलखात व्हर्टिसिलियम डाहलिए या दुसऱ्या बुरशीचा मर रोगही होता. हीसुद्धा मातीतून मुळात आणि मुळातून नलिकांत जाणारी, पण थंड हवेत अधिक बळावणारी आणि काळ्या, राईपेक्षाही बारीक गाठींच्या रूपाने मातीत तग धरणारी.

अशा स्थितीत मेलबर्नमधील संशोधकांनी निवडलेला उपाय सकृद्दर्शनी विचित्र वाटावा असा होता. बागेत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या तंबाखूच्या एका जातीच्या फुलातील एक छोटे प्रथिन कापसाच्या सगळ्या झाडात, म्हणजे मुळातसुद्धा, तयार करायचे. या प्रयोगाचा हा वृत्तांत आहे. एखाद्या जनुकाकडे ‘संरक्षक जनुक’ म्हणून बोट दाखवणे किती अपुरे असते, हे या एका प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल. प्रथिन पेशीच्या कोणत्या कप्प्यात, कोणत्या अवयवात आणि कोणत्या वेळी आहे, यावर सारे काही ठरते.

डिफेन्सिन म्हणजे काय

डिफेन्सिन हे साधारण ४५ ते ५४ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. त्याच्या साखळीत सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल बहुधा आठ ठिकाणी येते आणि या आठांच्या जोड्या जुळून चार डायसल्फाइड बंध तयार होतात. तीन पट्ट्यांचा एक पत्रा, त्यावर एक मळसूत्री वळण, आणि दोघांना टाके घालून शिवल्यासारखे हे बंध, अशी त्याची घडण असते. एवढ्याशा प्रथिनाला चार टाके असल्याने ते उष्णतेने सहसा उलगडत नाही आणि प्रथिने पचवणाऱ्या विकरांनाही सहजासहजी दाद देत नाही.

या कुळातील पहिली प्रथिने १९९० मध्ये गहू आणि बार्लीच्या दाण्यांतून वेगळी केली गेली, तेव्हा त्यांना गॅमा-थायोनिन म्हणत. पुढे बेल्जियममधील लूव्हन येथील गटाने मुळ्याच्या बियांतील अशाच प्रथिनांचा अभ्यास केला, आणि १९९५ मध्ये कीटक व सस्तन प्राण्यांतील डिफेन्सिनांशी असलेल्या साम्यावरून ‘वनस्पती डिफेन्सिन’ हे नाव रूढ झाले. हे साम्य पुढे बरेच तपासले गेले. वनस्पती, कीटक आणि बुरशी यांची डिफेन्सिने एका घराण्यातली, तर माणसासह सस्तन प्राण्यांची वेगळ्याच घराण्यातली असून दोहोंची घडण उत्क्रांतीत स्वतंत्रपणे सारखी झाली, असे २०१७ च्या विश्लेषणात दिसून आले.

मुळ्याच्या बियांचे उदाहरण इथे सांगण्याजोगे आहे. बियांत ही प्रथिने बाहेरच्या थरांतील पेशीभित्तिकांत साठवलेली असतात. अंकुर फुटताना टरफल फाटते, तेव्हा ती आसपासच्या ओल्या मातीत झिरपतात आणि बीभोवती बुरशी वाढू न देणारे एक छोटे कडे तयार करतात. पानांत मात्र एरवी ती जवळजवळ नसतात. पानावर एका जागी बुरशीचा संसर्ग झाला की संसर्ग न झालेल्या पानांतही ती मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागतात. म्हणजे बीजातला साठा कायमचा, तर पानातला हाकेला ओ देणारा.

ही हाक कशी जाते, हे ॲरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या रोपात चांगले उलगडले आहे. त्याच्या जनुकसंचात डिफेन्सिनसदृश जनुके तीनशेहून अधिक आहेत. त्यांपैकी पीडीएफ १.२ हे जनुक चालू होण्यासाठी जॅस्मोनिक आम्ल आणि इथिलीन हे दोन्ही संदेश लागतात, तर सॅलिसिलिक आम्लाचा संदेश वेगळ्याच जनुकांना जागे करतो. म्हणून हे जनुक चालू आहे की नाही, यावरून झाडातला जॅस्मोनेटचा, म्हणजे जॅस्मोनिक आम्लाच्या संदेशाचा, मार्ग जागा आहे की नाही हे प्रयोगशाळांत आजही ओळखले जाते.

मर रोगाच्या बाबतीत मात्र या साध्या चित्राला मोठा छेद जातो. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी ॲरॅबिडॉप्सिसला ग्रासते, तेव्हा ती झाडाचा हाच जॅस्मोनेट मार्ग स्वतःच्या फायद्यासाठी वापरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. जॅस्मोनेट ओळखणारा सीओआय१ हा घटक निकामी असलेली झाडे या बुरशीपुढे अधिक काळ तगली. अशा झाडांत पीडीएफ १.२ चा आवाज तर जवळपास बंदच असतो. झाडाची स्वतःची डिफेन्सिने वेळेवर जागी झाली म्हणजे मर टळेल, ही अपेक्षा या निष्कर्षानंतर ठेवता येत नाही. झाडाच्या संदेशांवर अवलंबून नसलेले, आधीपासूनच हजर असलेले डिफेन्सिन हवे, या मांडणीला या निष्कर्षामुळे उलट बळ मिळते. मेलबर्नचा प्रयोग याच दिशेचा होता.

फुलातला शोध

निकोशियाना अलाटा ही दक्षिण अमेरिकेतील सुगंधी फुलांची तंबाखू. मेलबर्नमध्ये तिच्यावर १९८० च्या दशकापासून काम चालू होते, पण ते वेगळ्या प्रश्नासाठी. हे झाड स्वतःचे परागकण ओळखून नाकारते कसे, हा तो प्रश्न. त्या कामातून फुलाच्या स्त्रीकेसरातील रेणूंचा बारकाईने शोध घेतला गेला आणि मॅरिलिन अँडरसन यांच्या गटाला फुलातली इतर संरक्षक प्रथिनेही सापडत गेली. २००३ मध्ये फुंग ले, फिलिपा ब्रुग्लिएरा आणि अँडरसन यांनी या तंबाखूतील एनएडी१ आणि पेटुनियातील दोन डिफेन्सिनांचे वर्णन प्रसिद्ध केले. (योगायोग असा, की मोहरीच्या कुळात स्वपराग ओळखण्याची परागकणाकडची किल्ली हे स्वतःच डिफेन्सिनसारख्या घडणीचे प्रथिन असते.)

एनएडी१ कुठे आढळते हे पाहिले, तर त्याचा हेतू जवळजवळ वाचता येतो. पाकळ्या आणि निदलांच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथरात, परागकोशाच्या जोडपेशींत आणि कुक्षिवृंताच्या बाहेरील भागात ते साठते. परागकण आणि बीजांडे यांच्याकडे जाणाऱ्या वाटांवर ते पहाऱ्याला असते. फूल उमलण्याआधी, कळीच्या अवस्थेत, त्याचे प्रमाण भरपूर असते. शिवाय पेट्रीच्या बशीत ते फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमची वाढ अगदी थोड्या प्रमाणातही रोखते. कापसाच्या शत्रूवर चालणारे अस्त्र अशा प्रकारे एका शोभेच्या फुलात मिळाले.

पण बशीतल्या निकालावर विसंबून शेताकडे धाव घेण्यात धोका होता. अनेक डिफेन्सिनांची बुरशीविरोधी शक्ती कॅल्शियम, पोटॅशियमसारख्या क्षारांच्या सान्निध्यात कमी होते. हे मुळ्याच्या प्रथिनांबाबत आधीच नोंदले गेले होते. वनस्पतीच्या रसात क्षार असतातच. शिवाय फुलात काही दिवसांपुरते तयार होणारे प्रथिन मुळात, खोडात आणि पानात सतत तयार करायला लावले, तर खुद्द झाडावर त्याचा काय परिणाम होईल, हा प्रश्न वेगळाच.

शेपटीचे महत्त्व

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. एनएडी१ पेशीत तयार होते तेव्हा ते एकटे नसते. जनुकावरून आधी १०५ अमिनो आम्लांची साखळी बनते. पुढची २५ ही तिला पेशीच्या स्रावमार्गात नेणारी चिठ्ठी, मधली ४७ हे खरे डिफेन्सिन, आणि मागे ३३ अमिनो आम्लांची एक शेपटी. बहुतेक वनस्पती डिफेन्सिनांना अशी शेपटी नसते. तंबाखू, टोमॅटो, पेटुनिया यांच्या कुळातील फुलांच्या काही डिफेन्सिनांना ती असते. डिफेन्सिनाच्या अंगावर धन विद्युत्भार जास्त असतो आणि या शेपटीवर ऋण भार जास्त असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांना तोलून धरतात.

शेपटीचे काम समजून घेण्यासाठी कापसाची झाडे दोन प्रकारे तयार केली गेली. एका प्रकारात शेपटीसह पूर्ण जनुक घातले, दुसऱ्यात शेपटी कापून टाकली. शेपटी असताना प्रथिन पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या मोठ्या साठवणकप्प्यात, जाऊन बसले. शेपटी तिथे पोहोचल्यावर कापली गेली आणि सक्रिय डिफेन्सिन बंद दारामागे साठत राहिले. शेपटी नसताना तेच प्रथिन पेशीबाहेर झिरपले, आणि त्या झाडांच्या वाढीत ठळक बिघाड दिसले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून शेपटीची दोन कामे स्पष्ट झाली: प्रथिनाला योग्य कप्प्यात पोहोचवणे, आणि वाटेत असताना झाडाच्याच पेशींना त्याच्यापासून जपणे.

आता यातली कोडेवजा गोष्ट पाहा. बुरशी नलिकांत आणि पेशींच्या मधल्या जागेत वाढते, तर डिफेन्सिन पेशीच्या आत रिक्तिकेत कोंडलेले. मग दोघांची गाठ कधी पडायची? पेशी फुटल्यावर. बुरशीने मुळाची पेशी भेदली, की रिक्तिका फुटते आणि आतला साठा हल्लेखोरावर सांडतो. घराबाहेर पहारेकरी उभा करण्याऐवजी दार फोडणाऱ्यावर छतावरून उकळते पाणी पडावे, अशी ही व्यवस्था. पेशीबाहेर पहारा ठेवणे वरवर पाहता अधिक शहाणपणाचे वाटले असते, आणि कागदावर आखणी करताना अनेकांनी तोच मार्ग निवडला असता. कापसाने मात्र त्याची किंमत आपल्या वाढीतून मोजून दाखवली.

बुरशी कशी मरते

एनएडी१ बुरशीला नेमके कसे मारते, यावर याच गटाने पुढे बरेच काम केले. प्रथिन प्रथम बुरशीच्या भित्तिकेला चिकटते. भित्तिका काढून टाकली तर त्याचा परिणाम घटतो, असे २०१० च्या प्रयोगांत दिसले. म्हणजे भित्तिका ही बुरशीची केवळ ढाल राहत नाही, या प्रथिनासाठी ती पायरी ठरते. तिथून ते पेशीपटलाकडे सरकते, पटलाला गळके करते आणि तंतूच्या आत शिरते. आत गेल्यावर ऑक्सिजनची दाहक रूपे तयार होतात आणि पेशीद्रव्य दाणेदार होऊन तंतू मरतो. पटलातील पीआयपी२ नावाच्या मेदरेणूला एनएडी१ कसे धरते, याची स्फटिकरचना २०१४ मध्ये उलगडली. १४ डिफेन्सिन रेणू आणि १४ मेदरेणू मिळून एक कमान तयार करतात आणि पटलाची घडी मोडतात.

बुरशीही गप्प बसत नाही. कँडिडा या बुरशीत एचओजी हा मार्ग क्षारांचा किंवा पाण्याचा ताण आला की पेशीला सावरतो; हा मार्ग बंद केलेली कँडिडा एनएडी१ पुढे लवकर मरते, असे २०१३ मध्ये दिसून आले. ताणाला तोंड देण्याची यंत्रणा अशी दोन्ही बाजूंना असते, झाडातही आणि झाडाच्या शत्रूतही. रोगप्रतिकाराचा विचार करताना ही दुसरी बाजू फार वेळा विसरली जाते.

हरितगृहातून शेतात

शेपटीसह जनुक घातलेल्या झाडांतून तीन वेगवेगळ्या जनुकबदलांची झाडे पुढील अभ्यासासाठी निवडण्यात आली. एकाच जनुकाची वेगवेगळी बदललेली झाडे वेगळी का वागतात, हे इथे सांगायला हवे. जनुक गुणसूत्रावर कुठे जाऊन बसते आणि त्याच्या किती प्रती बसतात हे ठरवता येत नाही, आणि त्यानुसार प्रथिनाचे प्रमाणही बदलते. म्हणून अनेक झाडे तयार करून त्यांतून निवड करावी लागते. निवडलेली झाडे पिढ्यान्‌पिढ्या वाढवून जनुक दोन्ही गुणसूत्रांवर असलेल्या शुद्ध ओळी मिळवल्या गेल्या, रोगट मातीत हरितगृहातील चाचण्या झाल्या, आणि त्यांतून डी१ ही एक ओळ शेतावरच्या परीक्षेसाठी पुढे गेली. तुलनेला मूळची, जनुकबदल न केलेली कोकर ही कापसाची जात होती. ऊतीसंवर्धनात कोकरची रोपे सहज उगवून येतात म्हणून जनुकबदलाच्या कामात ती सर्रास वापरली जाते. रोगाच्या दृष्टीने मात्र ती दुबळी आहे.

शेतातली परीक्षा कृत्रिमरीत्या बुरशी मिसळलेल्या मातीत झाली नाही. जिथे रोग मुळातच मुरलेला होता अशा जमिनीत ती घेतली गेली: फ्युजेरियमग्रस्त जमिनीत तीन हंगाम आणि व्हर्टिसिलियमग्रस्त जमिनीत दोन हंगाम. हे महत्त्वाचे आहे, कारण नैसर्गिक रोगट जमिनीत बुरशी सर्वत्र सारखी पसरलेली नसते, हवामान दर हंगामी वेगळे असते आणि बुरशीबरोबर शेकडो इतर सूक्ष्मजीवही असतात. एका हंगामात मिळालेला चांगला निकाल दुसऱ्या हंगामात टिकेलच असे नाही.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल असे होते. फ्युजेरियमग्रस्त जमिनीत डी१ ची जगलेली झाडे कोकरच्या २ ते ३ पट होती, झाडांची रोगसहनक्षमता वरच्या दर्जाची होती आणि रुईचे उत्पादन २ ते ४ पट मिळाले. व्हर्टिसिलियमग्रस्त जमिनीतही सहनक्षमता वाढली आणि रुईचे उत्पादन दुपटीपर्यंत गेले. रोग नसलेल्या जमिनीत लावल्यावर डी१ आणि कोकर यांच्यात शेतीच्या दृष्टीने कोणताही तोटा दिसला नाही.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की ‘२ ते ३ पट’ हे प्रमाण रोगाला सहज बळी पडणाऱ्या जातीशी केलेल्या तुलनेतले आहे. जिथे मूळ जातीची बहुतेक झाडे मरतात, तिथे तिप्पट जगली तरी काही झाडे मरतातच. डिफेन्सिनाने रोग नाहीसा केला नाही. त्याने रोगाचा जोर कमी केला, आणि मर रोगात जोर कमी होणे म्हणजेच पीक हाती येणे. रोगसहनक्षम वाणात हेच जनुक घातल्यावर दोघांची भर पडेल का, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे आणि कोकरवरून त्याचे उत्तर निघत नाही. दुसरी गोष्ट रोगमुक्त जमिनीतल्या चाचणीची. तिला या वृत्तांतात फारशी जागा मिळत नाही, पण मला ती जगण्याच्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते. सतत चालू असलेले संरक्षण झाडाला महाग पडते, ही वनस्पतीशास्त्रातील जुनी चिंता आहे. इथे ती किंमत दिसली नाही, आणि ती न दिसण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या ३३ अमिनो आम्लांच्या शेपटीला द्यावे लागेल.

शेतावर डिफेन्सिन यशस्वी झाल्याचे हे पहिले उदाहरण नव्हते. लसूणघासाच्या बियांतील एक डिफेन्सिन बटाट्यात घातल्यावर व्हर्टिसिलियमविरुद्ध शेतातही संरक्षण मिळाल्याचे २००० मध्येच प्रसिद्ध झाले होते. कापसाच्या प्रयोगाचे वेगळेपण हे, की एकच प्रथिन दोन भिन्न कुळांतील बुरशींवर, अनेक हंगामांत, रोगट जमिनीत तपासले गेले.

एक सावधगिरीची बाब थोडक्यात सांगतो. कापूस हे केवळ धाग्याचे पीक नाही. सरकीचे तेल माणूस खातो आणि पेंड जनावरे खातात. उष्णतेला आणि पचनाला दाद न देणारे प्रथिन सरकीत किती उतरते, हे तपासावेच लागते. काही परागकणांच्या ॲलर्जीकारक प्रथिनांत डिफेन्सिनसारखा भाग आढळतो, त्यामुळे अशी तपासणी हा केवळ औपचारिकतेचा भाग मानता येत नाही.

बुरशीपलीकडचे ताण

डिफेन्सिन म्हणजे बुरशीनाशक, एवढ्यावर थांबलो तर या जनुकांचा अर्धाच परिचय होतो. थंडीला सरावणाऱ्या हिवाळी गव्हात एक डिफेन्सिन जनुक चालू होते. जस्ताने भरलेल्या जमिनीत वाढणाऱ्या ॲरॅबिडॉप्सिस हॅलेरी या रोपातील डिफेन्सिन दुसऱ्या रोपात घातल्यावर तेही जस्त सहन करू लागले, असे २००६ मध्ये दिसून आले. भातात सीएएल१ हे डिफेन्सिनसदृश प्रथिन कॅडमियम या विषारी धातूला पेशीत धरते आणि पेशीबाहेर, नलिकांकडे, ढकलते. त्यामुळे कॅडमियम पेंढ्यात साठते, पण दाण्यातले त्याचे प्रमाण बदलत नाही. हे २०१८ चे काम. भारतीय संशोधकांनी हरभऱ्यातील डिफेन्सिन जनुक ॲरॅबिडॉप्सिसमध्ये घालून पाहिले, तेव्हा ती रोपे पाण्याच्या ताणात अधिक तगली. ते काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र या निष्कर्षांचे वजन कापसाच्या प्रयोगाइतके नाही. त्यांतले बरेचसे कुंडीतले आहेत, आणि कुंडीतला दुष्काळ म्हणजे ठरावीक दिवस पाणी बंद करणे. शेतातला दुष्काळ असा ठरवून येत नाही.

आपल्या शिवाराशी संबंध

महाराष्ट्रात ‘मर’ हा शब्द एका रोगापुरता राहत नाही. हरभऱ्याची मर, तुरीची मर, कापसाची मर अशी ती पिकापिकाला वेगळी असते. तुरीत बदनापूरची बीएसएमआर ७३६ आणि हरभऱ्यात राहुरीचा विजय यांसारख्या वाणांनी मर रोगावर मिळवून दिलेला दिलासा हा पारंपरिक पैदाशीचा आहे. त्यासाठी दुसऱ्या कुळातून जनुक आणावे लागले नाही. जिथे पिकाच्या स्वतःच्या भांडारात प्रतिकार सापडतो तिथे तोच आधी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना फुलाकडे जावे लागले, कारण त्यांच्या कापसात पुरेसा प्रतिकार हाताशी नव्हता.

आपल्या कापसाची गोष्ट आणखी निराळी. भारतात फ्युजेरियमचा मर रोग मुख्यतः देशी कापसावर येतो. विदर्भ-मराठवाड्यातील आजचे बहुतेक संकरित बीटी वाण अमेरिकन कापसाचे आहेत आणि भारतातील फ्युजेरियम गट त्यांना सहसा ग्रासत नाहीत. त्यामुळे डी१ सारखी ओळ उद्या इथे आणली, तरी ज्या शत्रूसाठी ती घडवली तो शत्रू आपल्या बहुतेक शेतांत नाही.

आणि तरीही बोंडे भरायच्या दिवसांत, लांबलेल्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिले, की एक-दोन दिवसांत हिरवीगार झाडे माना टाकतात. शेतकरी त्यालाही मरच म्हणतो. कृषी विद्यापीठे त्याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात. बोंडांनी लगडलेले झाड, तहानलेली जमीन आणि अचानक मुळांभोवती साचलेले पाणी यांतून हा शारीरिक बिघाड घडतो. त्यात बुरशीचा हात नसतो. अशा झाडावर बुरशीनाशक ओतणाऱ्याला थांबवून मी त्याला खोड चिरायला सांगेन. चाकूखालचे लाकूड पांढरेच निघते, रेषा नसतात, आणि फुलातून मुळाशी आणलेल्या डिफेन्सिनालाही तिथे रोखायला कुणी सापडणार नाही.